सिद्धीच्या लग्नाची कॅसेट

वास्को,
२ जानेवारी १९९६

चि. अविनाश,

आशीर्वाद द्यायला बसलेय, पण त्याआधी शिव्या खा. सिद्धीचं लग्न होऊन पंधरवडा उलटला आणि कॅसेटचा पत्ता नाही. पेडण्याच्या बाजारात स्टुडिओ थाटलास म्हणून सख्ख्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट आम्ही गिऱ्हाइकासारख्या चकरा मारून मागायची काय? इथे पोलीस क्वार्टर्समधल्या बायकांना मी सांगून बसलेय की माझ्या मामेभावाने सगळं लग्न कॅमेऱ्यात घेतलंय, व्हीसीआर भाड्याने आणून तुम्हाला दाखवते. आता त्या रोज विचारतात आणि मी रोज नवीन थाप मारते.

मी रुखवत घेऊन टेम्पोने आधीच पार्शेला पोचले, त्यामुळे वऱ्हाडाच्या बसमधली मजा माझी हुकली. तुयेला कारखान्याचे कामगार रस्त्यावर बसले होते म्हणे. आणि बंदोबस्ताला नेमके आमचे हे! रजा मिळाली नाही म्हणून आठ दिवस तोंड पाडून होते, आणि बघ, देवाने त्यांना लग्नाच्या वाटेवरच आणून उभं केलं. हे म्हणाले, दोन शब्द समजुतीचे बोललो, माणसं उठली, बस गेली. नाहीतर मुहूर्त टळलाच असता.

दुपारी हे वर्दीतच जेवायला आले तेव्हा मामाने त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं आणि सगळ्यांदेखत खांद्यावर शाल घातली. मला तर रडूच आलं. आईबाप गेल्यावर मामाने मला हळर्णला नेऊन वाढवलं, माझं लग्न लावून दिलं, आणि त्या घराच्या उपयोगी माझा नवरा पडला. तेवढं दृश्य तरी नीट आलंय ना? कॅसेट पाठव. आमची तारा रोज विचारते.

तुझी,
ज्योतीताय


पेडणे,
९ जानेवारी

ती. ज्योतीताय,

नमस्कार. शिव्या पोचल्या. शालीचं दृश्य छान आलंय.

कॅसेट अडकली त्याला कारण आहे. बाबांनी बसमधल्या सगळ्यांना दम भरलाय की शुभकार्यातली ही गोष्ट कुणी बाहेर काढायची नाही, म्हणून तुझ्या कानावर काही आलं नसेल. पण मला झोप लागत नाही आणि सांगावं असं दुसरं माणूस नाही.

तुयेला बस थांबली तेव्हा मी टपावर होतो. फुलांनी सजवलेली बस वरून घ्यायची म्हणून पेडण्यालाच वर चढलो होतो. कामगार रस्त्यावर बसलेले, कारण आदल्या दिवशी त्यांच्यातल्या एकाचा पंजा यंत्रात गेला आणि त्याला दवाखान्यात न्यायला कारखान्याने गाडी दिली नाही. त्यांच्यातला एक उठून पुढे आला आणि एका पोलिसाने त्याच्यावर काठी चालवली. एकदा नाही. तो खाली पडल्यावरही. मी कॅमेरा बंद केला नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे कुणी बघत नाही गं, सगळ्यांना वाटतं हा नवरीलाच घेतोय. एका शिपायाने तर वर बघून टोपी सरळ केली.

त्या माणसाचं नाव केरबा. गडहिंग्लज बाजूचा. हात दोन ठिकाणी मोडलाय, आणि वर पोलिसांच्या अंगावर धावून गेला अशी केस त्याच्यावरच. परवा त्याची बायको रत्ना स्टुडिओत आली. कुणीतरी तिला सांगितलं की बसवर कॅमेरावाला होता. काउंटरला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तुमी बगितलंय म्हनं. मी काय बी मागत न्हाई, तेवढं दावा कोर्टाला." मी म्हटलं, बघतो, कॅसेट शोधावी लागेल. कॅसेट माझ्या मागच्या फळीवर होती.

काल दोन पोलीसही आले. शूटिंग करायला परवाना आहे काय, रस्त्यावरचं काय काय घेतलंस, असं हसत हसत विचारून गेले. ताय, मी काय करू?

अविनाश


वास्को,
१५ जानेवारी

चि. अविनाश,

काय करू म्हणून विचारतोस? लाज नाही वाटत? बायको दारात येऊन उभी राहिली आणि तू तिला "बघतो" म्हणालास! उद्याच्या उद्या जाऊन दे ती कॅसेट. तुझ्या घशात काय अडकलंय तेच मला कळत नाही.

मी पोलिसाची बायको आहे म्हणून गप्प बसेन असं वाटलं असेल तर चुकलास. यांच्या खात्यात चांगली माणसं आहेत तशी रेडेही आहेत, आणि रेड्यांमुळे चांगल्यांना शिव्या बसतात. खाली पडलेल्या माणसाला मारणारा कुणाचा कोण असो, त्याला शिक्षा झाली पाहिजे. त्याच्या घरी बायकापोरं असतील तर त्यांनाही कळू दे.

मी यांना विचारलं, तुम्ही तिथेच होता ना, हात कुणी उचलला? तर म्हणाले, आठवत नाही, आणि अर्ध्या जेवणावरून उठले. बिचारे. बरोबरीच्या माणसाचं नाव कसं घेणार? लग्नापासून यांचं काही ठीक नाही. पहाटे उठून व्हरांड्यात बसतात, पावाचे उंडे आणायला जातात ते तासाने परत येतात. मला वाटतं ते दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोर येत असणार, स्वभाव हळवा आहे ना.

तू घाबरू नको. तुला कुणी त्रास दिला तर यांना सांगून बंदोबस्त करते.

ज्योतीताय


पेडणे,
२० जानेवारी

ती. ज्योतीताय,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा घडी करून ठेवलं. तू असं लिहिलं नसतंस तर मला सोपं गेलं असतं.

मारणारे मंगेशभावोजी आहेत.

चूक होण्यासारखं नाही. चेहरा समोरून आलाय. मी त्या क्षणी कॅमेऱ्यातून बघत होतो आणि मला वाटलं, आता थांबतील, आता थांबतील. समजुतीचे दोन शब्द कुणी बोललं नाही, ताय. शाल घातली ती त्यानंतर.

तू म्हणशील, आधी का नाही सांगितलंस. तुझं घर आहे ते. सिद्धीची कॅसेट, तुझा नवरा, आणि मध्ये मी. महिनाभर मी हेच करतोय, कॅसेट लावतो, बंद करतो. एकदा पुसून टाकायला बटणावर बोटही ठेवलं. पण त्या रत्नाला मी रोज बाजारात बघतो. नवऱ्याच्या जागी आता ती रोजावर जाते, रेती वाहायला.

कॅसेट मी केरबाच्या वकीलबाईंना देणार आहे, म्हापशाच्या शुभांगी वकील. चित्र तेवढं आहे, आवाज नाही. नेमक्या तेव्हा माइकने दगा दिला. तुला आधी कळवल्याशिवाय देणार नव्हतो, म्हणून हे पत्र. लग्नाची कॅसेट सोबत पाठवतोय, त्यातला तुयेचा भाग काढलाय. तुझ्या शेजारणींना दाखवायला हरकत नाही.

मला माफ कर असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

अविनाश


वास्को,
२४ जानेवारी

अविनाश,

आशीर्वाद नाहीत.

तुला काय अधिकार? माणसाचा चेहरा त्याला न विचारता उचललास आणि आता जगाला दाखवायला निघालास. हरमलच्या किनाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या बायकांचे फोटो काढतो म्हणून त्या गोऱ्याच्या अंगावर तूच धावून गेला होतास ना? "तांकां विचारलें तुवें? विचारलें?" असा बोंबलत होतास, त्याला काही कळलं नाही, हे आम्हाला तूच हसून सांगितलंस. मग यांना विचारलंस? तेही पोटासाठीच उभे होते उन्हात. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, साहेब मागून ओरडतोय, समोर दोनशे माणसं.

ती वर्दी तुला कॅमेऱ्यातून दिसली. मी ती धुते, इस्त्री करते. तिच्या आत कोण आहे ते मला ठाऊक आहे. ताराला ताप आला तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसलेला माणूस आहे तो. ते तुझ्या कॅसेटीत कुठे आहे? तुझ्याकडे त्याची दोन मिनिटं आहेत, माझ्याकडे बारा वर्षं आहेत, आणि लोक दोन मिनिटांवरून ठरवणार.

इथल्या बायका कालच आल्या होत्या कॅसेट बघायला. त्या हसत होत्या, नवरीचा शालू किती छान म्हणत होत्या, आणि मी बस दिसली की डोळे मिटून घेत होते. पेडण्याहून बस निघते आणि एकदम पार्शेच्या मांडवात पोचते. कुणाच्या लक्षात आलं नाही. हे दाराशी उभे होते. त्यांच्या लक्षात आलं. तसेच आत गेले.

मी माझं मागचं पत्र परत घेते. तेव्हा मी शहाणी होते कारण ते दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याबद्दल होतं. असेन मी तशी. पुसून टाक ते. मामाच्या घरचं मीठ खाल्लंय आपण दोघांनी, म्हणून मागतेय. पुन्हा काही मागणार नाही.

ज्योती


पेडणे,
३ फेब्रुवारी

ती. ताय,

कॅसेट दिली. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दिली, उशीर केला असता तर दिलीच नसती.

हरमलच्या बायकांचं तू लिहिलंस ते मला लागलं, म्हणून उत्तर देतो. त्या बायकांच्या हातात सुकवायची सुंगटं होती. भावोजींच्या हातात सरकारने दिलेली काठी होती. भर दिवसा, हमरस्त्यावर, सगळ्यांच्या नावाने ती काठी चालते, तर ती कशी चालते ते बघायचा हक्क रस्त्यावरच्या प्रत्येकाला आहे. आणि डोळ्यांनी बघायचा हक्क असेल तर कॅमेऱ्याने का नाही? भावोजी घरी लेंगा घालून ताराचा अभ्यास घेतात, तिथे मी कॅमेरा घेऊन आलो तर मला जिन्यावरून ढकलून दे. मी काही बोलणार नाही.

सिद्धीलाही विचारलं, कॅसेट शेवटी तिची. सासरी पाय नीट रुळायच्या आधीच कोर्टकचेरी. ती एवढंच म्हणाली, "दी. हांवें जनेलांतल्यान पळयलां सगळें." खिडकीशीच बसली होती ती.

पण खरं सांगू, दिल्यावर वाटलं होतं छातीवरचं ओझं उतरेल, तसं झालं नाही. शुभांगी वकिलांनी दोनदा बघितली आणि म्हणाल्या, मारहाण दिसते, पोलीस अडचणीत येणार. पण केरबा सुटेल असं सांगता येत नाही. चित्रात तो दोन्ही हात वर करून पोलिसांकडे झपाट्याने येतो, तोंड उघडं, ओरडतोय. समोरचा वकील म्हणणार, बघा, अंगावर आला. रत्ना बाकावर बसली होती. तिने विचारलं, "आवाज कुटं गेला ह्येचा?" मी म्हटलं, माइक बिघडला.

माझ्या हातात होतं ते मी केलं. घरी बाबा माझ्याशी बोलत नाहीत, तूही बोलू नको हवं तर.

अविनाश


वास्को,
२६ फेब्रुवारी

अविनाश,

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. यांना निलंबित केलंय, चौकशी लागलीय. क्वार्टर सोडायला अजून सांगितलं नाही. वर्तमानपत्रात नाव आलं. ताराला वर्गातल्या मुलींनी विचारलं, तुझा बाबा तुलाही मारतो का. ती मला म्हणाली, आई, मी काय सांगू?

त्या दिवशी मी यांच्यासमोर बसले. म्हटलं, आज उठायचं नाही ताटावरून. सगळं सांगायचं. मग ते बोलले. त्यांचेच शब्द लिहिते, कारण ते मला पुसता येत नाहीत:

"तो हात वयर करून आयलो. म्हाका दिसलें आंगार येता. काठी घातली. तो किंचाळतालो तें मागीर म्हज्या कानांत शिरलें. 'थांबा सायेब, उठवतो सगळ्यास्नी, नवरीची गाडी हाय!' तो आमकांच वाट दितालो गो. पूण तेन्ना हात थांबलो ना. फाटल्यान बशींतल्यान मामा आड्डतालो, 'हाण रे जावया, हाण ताका, मुहूर्त चुकतलो!' आनी सगळीं ताळयो मारतालीं."

मग उठून पुन्हा व्हीसीआर भाड्याने आणला आणि तुझी कॅसेट लावली. बस पेडण्याहून निघते तेव्हा बँड ऐकू येतो. पार्शेला भटजींची मंगलाष्टकं खणखणीत ऐकू येतात. अक्षतांचा आवाजसुद्धा येतो. तुझा माइक फक्त तुयेलाच बिघडला, अविनाश?

बिघडला नव्हता. तू पुसलास.

मला उपदेश करत होतास. रस्त्यावरच्या प्रत्येकाला बघायचा हक्क आहे म्हणे! माझ्या नवऱ्याचं तोंड सगळ्या गोव्याने बघायचं, आणि तुझ्या बापाचा आवाज कुणी ऐकायचा नाही. रस्ता एकच होता ना? मामाही रस्त्यावरच ओरडत होता ना? आणि बघ तू काय केलंस ते. आवाज नाही म्हणून केरबाच्या तोंडचे शब्द गेले. त्याला वाचवणारी तेवढी एकच गोष्ट होती. तुझ्या कॅसेटने यांना बुडवलं आणि त्यालाही सोडवलं नाही. एकटा मामा तेवढा कोरडा राहिला.

यांनी चौकशीत हे सगळं लिहून दिलंय. पण निलंबित पोलिसाचं कोण ऐकतं? साहेब म्हणतात, घाबरून भलतंच बोलतोय.

मला मामाचं नाव रस्त्यावर यावं असं वाटत असेल काय? त्याने मला ताटातला घास दिलाय. पण मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, लिहून द्या, आणि त्याने दिलं. आता तू काय करतोस ते मला कळव. किंवा कळवू नको.

ज्योती


पेडणे,
११ मार्च

ती. ज्योतीताय,

माइक बिघडला नव्हता. मूळ कॅसेट माझ्याकडेच होती, आवाजासकट. वकिलांना दिली ती मी आवाज बंद करून उतरवलेली. तेव्हा मी स्वतःला समजावलं की बाबा काही पोलीस नाहीत, वर्दीत नाहीत, ते लग्नघरचे यजमान, त्यांचं बोलणं खाजगी. तुला पत्रातून शिकवत होतो तेव्हाही हेच मनात होतं, आणि केरबाचे शब्द त्याच पट्टीवर आहेत हे मला ठाऊक होतं. रत्नाने आवाजाचं विचारलं तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोललो. याच्यापुढे मला लिहिता येत नाही. तू म्हणालीस ते सगळं खरं.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. वाटलं होतं, भडकतील. त्यांनी शांतपणे नाकारलं, म्हणाले, "हांव असो आड्डूंक ना. मंगेश फट उलयता." मग मी घरी टीव्ही लावला, व्हीसीआर जोडला आणि तुयेचा भाग सुरू केला, आवाज मोठा करून.

ते कदेलावर पुढे सरकून बसले. केरबा आला, हात वर, थांबा सायेब, उठवतो सगळ्यास्नी, नवरीची गाडी हाय. त्याच्यावरच बाबांचा आवाज. मी बाबांकडे बघितलं नाही, बघायचं धाडस नव्हतं. त्यांनीच विचारलं, "हें तो केन्ना उलयलो? वाट दितां म्हूण?" मी म्हटलं, तुमच्या आधी. "म्हाका आयकूंक ना," ते म्हणाले. मग म्हणाले, "परत लाय." मी परत लावली. कितीदा लावली ते विचारू नको. दर वेळी केरबा बोलू लागला की ते मान पुढे काढून ऐकत, आणि स्वतःचा आवाज आला की डोळे मिटत. आई आतून सांगत होती, पुरे करा आता.

सकाळी मी मूळ कॅसेट पिशवीत घातली आणि म्हापशाला निघालो, तर बाबा कोट घालून आधीच थांब्यावर उभे. मी म्हटलं, तुम्ही कशाला? बस आली तसे माझ्याआधी चढले.

शुभांगी वकिलांच्या खोलीत रत्ना होती आणि केरबाही होता, हात गळ्यात बांधलेला. बाबांनी त्याला ओळखलं, त्याने बाबांना नाही. कॅसेट लावली. केरबाचे शब्द आले तेव्हा रत्नाने तोंडावर पदर घेतला. वकीलबाई एकदम ताठ झाल्या, पुन्हा ऐकलं, लिहून घेतलं. केरबावरची केस आता उभी राहणार नाही म्हणाल्या. मग त्यांनी यंत्र थोडं पुढे घेतलं आणि मला विचारलं, "आणि हा मारायला सांगणारा आवाज कुणाचा? ओळखता?"

माझी मान खाली गेली, ताय. इतकं सगळं होऊनही मला नाव घेता आलं नाही.

बाबा उठून उभे राहिले, टोपी काढून हातात धरली आणि केरबाकडे तोंड करून म्हणाले, "म्हजो. नांव बरोवन घे बाये. धाकू. नवरीचो बापूय."

अविनाश